एकाचे दोन दाखवणारा

मित्रांनो, मी एक जुना, आंधळा झालेला स्फटिक आहे. आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, गवताच्या छपराच्या एका घरात मी पडून असतो. वाऱ्याने दार आपटायला लागलं की मला दाराशी टेकवतात. तेवढंच काम उरलंय.

पूर्वी मी असा नव्हतो हो! काळ्या खडकाच्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि मी सावकाश घडलो. माझ्यातून जाताना प्रकाशाच्या एका किरणाचे दोन होत. शास्त्रज्ञ याला द्विअपवर्तन म्हणतात. शब्द जड आहे, पण गंमत सोपी होती. छापील पानावर मला ठेवलं की प्रत्येक अक्षर दोनदा दिसे.

ओढ्याची दरड ढासळली तेव्हा या घरच्या मालकाला, स्टेनग्रीमुरला मी सापडलो. तो पूर्वी स्फटिकांच्या खाणीत कामाला होता. सुरुंगाच्या दणक्याने चांगले चांगले दगड तडकताना त्याने पाहिले होते. म्हणून त्याने पहारीला हातही लावला नाही. मेंढीच्या बरगडीने माती उकरली आणि मला शेवाळात गुंडाळून घरी आणलं.

त्या वर्षी गवत वाढलंच नाही. निम्म्या मेंढ्या मेल्या होत्या. मुलगी थोर्नी मामाबरोबर उन्हाळ्याच्या जहाजाने अमेरिकेला जाणार, असं ठरत आलं होतं. गेलेलं कुणी परत येत नसे.

"गुडफिन्ना, रडू नकोस," स्टेनग्रीमुर बायकोला म्हणाला. "वसंतात स्फटिक पारखून विकत घेणारा डॅनिश तपासनीस येईल. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शकं करणाऱ्यांना असेच नितळ दगड हवे असतात. हा त्याच्या पसंतीस उतरला, की मेंढ्या घेऊ, चारा घेऊ. पोरगी कशाला जातेय मग?"

थोर्नीने मला आईच्या विणायच्या सुईवर ठेवलं आणि ती खिदळली. "आई, बघ गं, सुया दोन झाल्या! आता तरी मोजे लवकर होतील का?"

"चल, आगाऊ कुठली!" गुडफिन्ना म्हणाली, पण तीही हसत होती. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मला आळीपाळीने डोळ्याशी धरलं. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

हिवाळ्यात स्टेनग्रीमुर नेहमीप्रमाणे दूरच्या बंदरावर मासेमारीला गेला. निघताना त्याने बजावलं, "याला दंव लागू देऊ नकोस. चिरला तर संपलं सगळं. चुलीजवळही नको."

मग ठेवायचं कुठे? भिंतींना आतून बर्फ धरत होतं. बिचारी गुडफिन्ना घरभर फिरली. शेवटी तिची नजर कोठीतल्या पिंपाकडे गेली. ते जमिनीत अर्धं पुरलेलं होतं, त्यामुळे आतलं कधी गोठत नसे. त्यात स्कीर नावाचं घट्ट दही गाळून उरलेलं आंबट पाणी होतं. मांस, चरबी, मेंढीची मुंडकी, जे जे नासू नये ते तिथे मुरायचं. तिच्या आईनेही तसंच केलं होतं आणि आजीनेही.

"इथे माझ्या बाळाला काही होणार नाही," असं म्हणत तिने मला अलगद आत सोडलं.

अहो, मी चुनखडीच्या जातीचा! आंबट माझा वैरी. माझ्या अंगावर बुडबुडे फुटू लागले. कडेच्या बारीक फटींतून ते पाणी आत आत शिरलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पण दगडाचं कोण ऐकतो? ती बाई मात्र रोज येऊन झाकण घट्ट आहे ना, ते चाचपून जाई.

वसंतात स्टेनग्रीमुर परतला आणि झाकण उघडलं. भपकन घाण वास आला. माझ्यामुळे पाण्याचा आंबटपणा मेला होता आणि मांस नासलं होतं. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं, पुन्हा पुसलं. मी पांढरा, खरबरीत, पार गढूळ झालो होतो.

"गुडफिन्ना, हे काय केलंस गं?"

"जपून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, जप."

तरीही तपासनीस आला तेव्हा त्याने मला पुढे केलं. तपासनीसाने मला उजेडात धरलं, मान हलवली आणि परत दिलं. "घासून वरचं निघेल, पण आतपर्यंत गेलंय हे," एवढंच तो म्हणाला.

थोर्नी गेली. निघण्याआधी तिने मला पुन्हा त्या सुईवर ठेवलं आणि वाकून पाहिलं. दोन सोडाच, एकही सुई दिसली नाही. "राहू दे आई, सुया नाही तरी त्या विणणारे तुझे हात दिसतायत मला," ती म्हणाली. मला पिंपात सोडणारे ते हात गुडफिन्नाने एप्रनखाली लपवले.

मित्रांनो, कुणी मला फेकलं नाही, फोडलं नाही. माझी इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नसेल, आणि त्या काळजीनेच माझा घात केला. म्हणून हात जोडून सांगतो, एखादी गोष्ट जपायला घ्याल, तेव्हा तिला काय बाधतं ते आधी कुणाला तरी विचारा. गुडफिन्ना अजून दारात येऊन समुद्राकडे बघते, आणि दार मिटू नये म्हणून मला टेकवून ठेवते.