काटा तीसवर होता

"मी तीसच्या वर नव्हतो. मायची आन घेऊन सांगतो, काटा तीसवर होता."

हे वाक्य गोकुळने गेल्या काही दिवसांत दूध डेअरीवर सांगितलं होतं, पानटपरीवर सांगितलं होतं, संत्र्याच्या बागेत कामाला आलेल्या माणसांनाही सांगितलं होतं. आज तो ते घरात, बायकोपुढे सांगत होता.

वंदना चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने वर न बघताच विचारलं, "मी कुठी म्हटलं तुम्ही खोटं बोलता म्हणून?"

"मंग अशी गुमसुम काऊन हायेस?"

"दीपकभाऊ म्हणतात साठ होते. तुम्ही म्हणता तीस. दोघंही शपथ घेऊन सांगता. मले तं काहीच समजून नाई राह्यलं."

झालं होतं ते असं. सोनाळ्यात शाळेजवळ रस्ता एकदम वळतो. त्या वळणावर भर दुपारी गोकुळच्या मोटारसायकलीचं हँडल सत्यभामाबाईंना लागलं आणि त्या पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सत्यभामाबाई म्हणजे गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. निम्म्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेले, गोकुळलाही. गोकुळ पळून गेला नाही. त्यानेच त्यांना उचललं, ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाहेर उभा राहिला. पण बाईंचा पुतण्या दीपक वळणाजवळच्या ओट्यावर बसलेला होता. त्याने गाडी येताना पाहिली होती आणि तो सगळ्यांना सांगत होता, "साठच्या खाली नव्हता. पोलिसात रिपोर्ट देतो मी."

रिपोर्टापेक्षाही गोकुळला दुसरी गोष्ट जास्त लागली होती. लोक त्याच्या तोंडावर मान डोलावत 'हाव, हाव' म्हणत आणि पाठ वळली की हसत. ज्या माणसाने आयुष्यात कधी वजनात काटा मारला नाही, त्याला गाव खोटारडा म्हणत होतं.

शेवटी वंदनाच म्हणाली, "चला, बाईलेच विचारू. ज्यायले लागलं त्यायले विचारल्याबिगर कसं कळंन?"

बाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. दीपकने दोघांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. गोकुळ पाया पडला आणि पुन्हा तेच म्हणाला, "बाई, काटा तीसवर होता."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चौथीतला गोकुळ त्यांना आठवत होता. उत्तर चुकलं तरी दुसऱ्याच्या पाटीत न डोकावणारा.

"तू खोटं बोलून नाई राह्यला," त्या म्हणाल्या.

दीपक उसळला. "काकू, म्हंजे मी खोटं बोलतो काय?"

"तूही नाई. मी पडली तेव्हा मले गाडी जोरात आल्यासारखीच वाटली. मंग तिघंही खरं बोलतो, तं खोटं कोण बोलते, ते शोधा न. भांडून काय सापडणार हाये?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखादं गणित फळ्यावर लिहून त्या ज्या आवाजात 'आता सांगा' म्हणत, तोच हा आवाज होता. "तुह्या गाडीचं मीटर बरोबर हाये, हे तुले कोणं सांगतलं?"

गोकुळ गोंधळला. मीटर बरोबर असतं हे कोणी सांगावं लागतं, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर सगळे जमले, बघायला गावातली माणसंही आली. बाई कडेला खुर्ची टाकून बसल्या. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. बाईंनी हिशोब समजावून सांगितला. ताशी चाळीसने गाडी चालली, तर एक किलोमीटरला बरोबर दीड मिनिट लागायला पाहिजे. गोकुळने काटा चाळीसवर धरून ठेवायचा, नजर रस्त्यावर. मागे वंदनाने मोबाइलमधलं घड्याळ धरायचं. एका दगडाशी सुरू, दुसऱ्या दगडाशी बंद.

गोकुळची गाडी गेली आणि परत आली. वंदना उतरली तेव्हा तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"बाई, सव्वा मिनिटच लागलं."

"पुन्हा जा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उलट्या दिशेने गेले, तरी तेच. दीपकने आपल्या मोबाइलवर वेग दाखवणारं ॲप सुरू करून गोकुळच्या मागे बसून पाहिलं. मीटरवर चाळीस, मोबाइलवर अठ्ठेचाळीस. तो गाडीवरून उतरला आणि गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिला.

"आता तुही गाडी आण," बाई पुतण्याला म्हणाल्या.

दीपकची गाडी कंपनीतून आली तशीच होती. तिला दीड मिनिटापेक्षा थोडा जास्तच वेळ लागला. म्हणजे दीपकचा काटा चाळीस म्हणत होता आणि गाडी प्रत्यक्षात सदतीसच्या आसपास धावत होती. आता जमलेल्यांना मजा वाटायला लागली. ज्याची त्याची गाडी रस्त्यावर आली. कुणाचं मीटर दोनने पुढे, कुणाचं चारने. म्हातारे किसनराव आपली जुनी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "माहा काटा तं कईपासून शून्यावरच हाये. मले कोणी काही म्हणू शकत नाई. माही गाडी उभीच असते." सगळे हसले, बाईही हसल्या.

"पण असं काऊन होते, बाई?" वंदनाने विचारलं. हा प्रश्न तिला पहिल्या फेरीपासून छळत होता.

"गाडीचं मीटर रस्ता नाई मोजत, चाकाचे फेरे मोजते," बाई म्हणाल्या. "एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, ते कंपनीनं ठरवून दिलेलं असते. तुह्या घरी परात हाये अन् ताटली हाये. दोन्ही अंगणात एक एक फेरा घरंगळवून पाह्य. परात लांब जाईन. कंपन्या तं काटा मुद्दाम थोडा पुढंच ठेवतात, कारण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायची त्यायले परवानगी नसते. म्हणून दीपकचं मीटर जास्त दाखवते. पण गोकुळ, तुहं कमी दाखवते. तू काही बदललं काय?"

गोकुळने मान खाली घातली. दिवाळीत त्याने गाडीला पुढचं मोठं चाक बसवलं होतं. रुबाबदार दिसतं म्हणून. मीटर फुटलं तेव्हा दुसऱ्याच गाडीचं जुनं मीटर आणून लावलं होतं. काटा हलतो आहे एवढं पाहिलं आणि त्याला ते पुरेसं वाटलं.

"म्हंजे तीस दाखवत होतं तेव्हा तू छत्तीसनं होता," बाई म्हणाल्या. "दीपक, साठ नव्हते."

"हाव, साठ नव्हते," दीपक जरा ओशाळून म्हणाला. "पण सहाच्या फरकानं असं काय होते?"

बाईंनी तेही करून दाखवायला लावलं. रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. दीपकने आपल्या मीटरवर बत्तीस, म्हणजे खरे तीस, आणि गोकुळने आपल्या मीटरवर तीस धरून यायचं आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. दीपकची गाडी थांबली तिथे बाईंनी विटेचा तुकडा ठेवायला सांगितला. गोकुळची गाडी तो तुकडा ओलांडून चांगलीच पुढे गेली. एखादं माणूस उभं राहील एवढी जागा नव्हे, चार माणसं उभी राहतील एवढी जागा दोघांच्या मध्ये उरली. मघाचं हसू विरून गेलं होतं.

"वेग थोडा वाढला की थांबायला लागणारी जागा थोडी नाई वाढत, लय वाढते," बाई म्हणाल्या.

तरीही गोकुळच्या छातीवरचा दगड उतरला होता. तो दीपकजवळ गेला. "पाह्यलं न भाऊ? मी खोटं बोललो नव्हतो. मीटरनं धोका देला."

दीपकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माहंही चुकलं. रिपोर्टाचं सोड आता."

भांडण इथेच मिटलं असतं. माणसं गाड्या वळवू लागली होती. पण बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"गोकुळ, एक सांग. तीसच होते, एकोणतीस नाई अन् पस्तीस नाई, हे तुले इतकं पक्कं कसं आठवते?"

"मी पाह्यलं न बाई. वळणावर आलो अन् मीटरकडे पाह्यलं, तं काटा बरोबर तीस..."

तो बोलता बोलता थांबला.

वळण. समोर शाळा. रस्त्यात बाई. आणि त्याची नजर काट्यावर! त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस ज्या गोष्टीची त्याने शपथ घेतली, तीच त्याची चूक सांगत होती. काटा खोटा निघाला म्हणून तो सुटल्यासारखा झाला होता. पण काटा खरा असता, तरी त्या क्षणी तो बाईंना पाहत नव्हताच.

"बाई, मी तुमाले पाह्यलंच नाई," तो हळूच म्हणाला. "मी मीटर पाहत होतो."

"मले ते तवाच दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "पडायच्या आधी मी तुह्या तोंडाकडे पाह्यलं. तुही मान खाली होती."

"मंग तुम्ही सांगतलं काऊन नाई?"

"मी सांगतलं असतं तं तू माह्यासंगही भांडला असता. आता तुलेच दिसलं." मग त्या जमलेल्या पोरांकडे वळल्या. "अन् तुम्ही. तुमचे मीटर जास्त दाखवतात हे समजलं, तं उद्यापासून आणखी चारनं वेग वाढवू नका. शाळेपुढे तीसही जास्त हाये. पोरगं पळत येते तेव्हा ते तुमचं मीटर वाचून नाई येत."

गोकुळ त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी त्याने ते रुबाबदार चाक काढलं आणि पुढच्याच आठवड्यात नांदुऱ्याला जाऊन आपल्या गाडीचं मूळ चाक आणि योग्य मीटर बसवून आणलं. डेअरीवर गेला तेव्हा कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, "चूक माहीच होती. मीटरची नंतर." हे सांगताना त्याला वाटली होती तेवढी लाज वाटली नाही. उलट हलकं वाटलं.

प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा दीपक गाडी काढत होता. बाई म्हणाल्या, "राहू दे. मी गोकुळच्या गाडीवर जाते." वंदनाने त्यांना हात देऊन मागे बसवलं. शाळेचं वळण आलं. नुकतीच मधली सुट्टी झाली होती.

"किती हाये रे काटा?" बाईंनी मागून विचारलं.

"मालूम नाई बाई," गोकुळ म्हणाला. "समोर दोन पोरी हायेत अन् एक गाय. त्या जाऊ द्या."

गाडी उभी राहिली. पोरी गेल्या. गाईने बराच वेळ घेतला.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाडीवर एक काटा आहे आणि त्याच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. येत्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर दोन दगडांमध्ये तो एकदा तपासून पाहा. पण घड्याळ मागे बसलेल्याच्या हाती द्या. गाडीत हौसेने काही बदल केला असेल, तर तो आपल्या मापालाही बदलतो हे लक्षात असू द्या. आणि 'मी तर एवढ्याच वेगात होतो' असं म्हणण्याची वेळ आली, तर आधी स्वतःला विचारा की त्या क्षणी आपण पाहत काय होतो. वेगाचा आकडा मीटर सांगेल. रस्त्यावरचा माणूस मात्र आपल्यालाच पाहावा लागतो.