लातूरचा सर्व्हर सापडत नाही

"दिसतंय का काही, मामा?"

"दिसायलंय की म्याडम. समदं काळं दिसायलंय."

"माउस हलवा बरं जरा."

"हलवलो. आता निळं झालं."

सालेहा खुर्चीतून उठली आणि परत बसली. नांदेडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तिच्यासमोर दोन पडदे होते. एकावर अठ्ठावीस नावं होती. दवाखाने, तपासणी केंद्रं, रक्तपेढ्या. ज्यांच्याशी जोडणी चालू होती त्यांच्यापुढं हिरवा ठिपका, बाकीच्यांपुढं राखाडी. लातूरच्या रक्तपेढीपुढचा ठिपका सकाळपासून राखाडी होता.

अकरा वर्षं ती हेच काम करत होती. या सगळ्यांना सॉफ्टवेअर तिच्या कंपनीनं दिलेलं. कुठं काही अडलं की सालेहा नांदेडला बसून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची आणि गाठ सोडवून बाहेर पडायची. देगलूरचा प्रिंटर कधी रुसतो, उदगीरच्या सर्व्हरची जागा कधी भरते, हे तिला पाठ होतं. तिथल्या माणसांचे आवाजही पाठ होते. चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नव्हता.

आज शिरायलाच वाट नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रामलिंगमामांचा फोन आला होता. रामलिंग म्हणजे त्या रक्तपेढीतला शिपाई. वय अठ्ठावन्न. शिरूर अनंतपाळहून एका बाईला लातूरच्या दवाखान्यात आणलं होतं. वर्षाराणी नाव. आठवा महिना, घरीच अंगावरून रक्त जायला लागलेलं. रक्तगट ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी होती, ती गेली. डॉक्टरांनी आणखी तीन मागितल्या होत्या. ओ निगेटिव्ह रक्तदात्यांची नावं, फोन नंबर, सगळं कॉम्प्युटरात. आणि काउंटरवरचा प्रत्येक कॉम्प्युटर एकच गोष्ट सांगत होता, सर्व्हर सापडत नाही. पेढीतली निम्मी माणसं किल्लारीच्या शिबिराला गेलेली. राजशेखर नावाचा एकटा तंत्रज्ञ दुसऱ्या पेढ्यांना फोन लावत सुटला होता. सर्व्हरच्या खोलीत उरले रामलिंगमामा.

"मामा, सर्व्हर चालू आहे ना? त्याच्यावर दिवा लागलाय?"

"हाव, हाय. हिरवा. फ्यानचा आवाजबी यायलाय."

"आज सकाळपासून तिथं काही बदललंय का? वायर काढली, टेबल हलवलं, काहीही?"

"न्हाई. त्यो वायफायवाला तेवढा आलता. जुना डबा काढून नवा बसवला. काल इचारलो होतो की तुमाला."

सालेहाचा हात माउसवरच राहिला.

काल संध्याकाळी सहाच्या सुमाराचा फोन. तेव्हा दुसऱ्या लाइनवर तीन जण ताटकळत होते. मामा म्हणाले होते, म्याडम, उद्या डबा बदलणार हायेत, काही होत न्हाई ना? आणि तिनं पुरतं न ऐकताच सांगून टाकलं होतं, "बदलू द्या मामा, काही होत नाही."

आता तिला सगळं स्पष्ट दिसलं. सर्व्हरला तिनं स्वतः एक कायमचा नंबर देऊन ठेवला होता, जुन्या डब्याच्या हिशेबानं. नव्या डब्यानं काउंटरच्या कॉम्प्युटरांना नव्या मालिकेतले नंबर वाटले. सर्व्हर मात्र जुना नंबर धरून बसला. कॉम्प्युटरांना तो सापडेना, आणि त्यालाही बाहेर इंटरनेटवर येता येईना. साधी गोष्ट होती. काल "थांबा, मी बघते" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"जुना डबा तिथंच आहे का? तोच परत लावू."

"घेऊन गेला की त्यो."

"बरं. मग आपण दोघं करू. खुर्ची ओढून बसा, मामा."

"म्याडम, मला इंग्रजी येत न्हाई. ए, बी आन् ओ तेवढं येतंय. पिशव्यावर असतंय म्हणून. बाकीचं हुडकावं लागतंय."

"हुडकू. मी कुठं जात नाही."

ती उभी राहिली. बसून हे होणार नव्हतं. आधी पासवर्ड. पहिलं अक्षर मोठं एल. एल म्हणजे उभी काठी आणि खाली आडवी. मामांनी एकेक अक्षर शोधलं, दाबलं. पडद्यानं नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. पाच वेळा चुकलं की कुलूप पडायचं, हे सालेहानं त्यांना सांगितलं नाही. फोनवरून मागचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी पुरुष "साहेब, बगा की वं, साहेब" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"मामा, ते शिफ्ट दाबून ठेवलं होतं का? सोडायचं नाही. डाव्या हातानं धरून ठेवा, उजव्यानं एल."

"सोडलो होतो म्याडम."

"हरकत नाही. परत."

तिसऱ्यांदा उघडलं. मग खालच्या रांगेतलं खिडकीचं चित्र असलेलं बटण, त्यासोबत आर. मग एन, सी, पी, ए, टिंब, सी, पी, एल. एकेका अक्षराला पंधरा-वीस सेकंद जात होते. सालेहा भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत चालत होती. तिच्या डोळ्यांपुढं सर्व्हरच्या नंबराची ती खिडकी होती, प्रत्येक रेघ, प्रत्येक शब्द. तिचे हात पोचले असते तर सारं वीस सेकंदांचं काम. ते हात आज नांदेडात होते आणि लातुरात एक बोट होतं.

"आता मला वाचून दाखवा. जसं दिसतं तसं. अक्षरं सांगा."

"ओ." मामांचा आवाज एकदम मोकळा झाला. "पैला ओ हाय. मग बी. मग… उभी रेघ आन् आडवी."

"तेच! ऑब्टेन, म्हणजे नंबर आपोआप घे. त्याच्यापुढचा गोल आहे ना, त्याच्यावर क्लिक करा. मग खाली ओके. ओ, के."

"केलो."

"अजून एकदा ओके."

"केलो."

ती जाऊन पडद्यापुढं उभी राहिली. राखाडी. राखाडीच. फोनमध्ये मामांचा श्वास ऐकू येत होता. ठिपका हिरवा झाला तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

काउंटर जोडत बसायला वेळ नव्हता. सालेहानं सर्व्हरवरच यादी उघडली आणि राजशेखरला फोनवर घेतलं. ओ निगेटिव्ह, सत्तावन्न नावं. जवळच्यापासून ती वाचत गेली, तो लावत गेला. पहिला नंबर बंद. दुसरा पुण्याला राहायला गेलेला. तिसरे एक प्राध्यापक होते, ते वर्गातून निघून थेट रिक्षात बसले. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, "किल्लारीचा रेवणसिद्ध बगा की. त्यो कवाबी येतंय. शिबिराच्या गाडीनं निघंल." रेवणसिद्ध नवव्या क्रमांकावर होता. त्याला लावला, तो खरंच निघाला.

चाचण्या होऊन पहिली पिशवी एक वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यात पोचली.

त्या दिवशी सालेहानं जेवणाचा डबा उघडलाच नाही. उमरग्याचा फोन घेतला, हदगावचा घेतला, काय बोलली ते तिलाच आठवेना. चारच्या सुमारास राहवलं नाही, तिनं स्वतः लातूरला फोन लावला.

"बाई हाय म्याडम," मामा म्हणाले. "वाचली. लेकरू न्हाई वाचलं."

"उशीर झाला म्हणून?"

"डॉक्टर म्हणले, पोटातच गेलतं. इकडं आणायच्या आदीच."

"नक्की असंच म्हणाले?"

"हाव. माझ्यासमोर म्हणले."

तिनं फोन ठेवला. विश्वास बसला आणि बसलाही नाही.

सहा वाजता सत्यम सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण बरा माणूस.

"मॅडम, लातूरवाल्यांनी लेखी अहवाल मागितलाय. त्यांचे बसवंत साहेब लई तापलेत. सरळ लिहून टाका, की पेढीनं आपल्याला न कळवता नेटवर्क बदललं."

"त्यांनी कळवलं होतं सर."

"कुणाला?"

"मला. काल संध्याकाळी रामलिंगमामांनी विचारलं. मी हो म्हटलं."

सत्यम सरांनी पेन खाली ठेवलं. "नोंद आहे का कुठं त्या फोनची?"

"नाही."

"मग झालं की. कुणाला कळणारय?"

"तसं लिहिलं तर डबा बदलू दिला म्हणून मामांवर येईल. त्यांची नोकरी दोन वर्षं उरलीय."

"आणि तुम्ही लिहिलं तर आपल्यावर येईल. अठ्ठावीस ठिकाणी बोभाटा होईल."

"हो," सालेहा म्हणाली.

घरी, देगलूर नाक्याच्या मागच्या गल्लीत, ती ओट्याशी उभ्यानंच भाकरीचे तुकडे मोडत होती. तिचे अब्बा गुलाम रसूल इतवारा बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आता डोळे साथ देत नव्हते, म्हणून घरीच असायचे.

"खडे खडे क्या खारी बेटा? बैठ के खा."

ती बसली. मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. अब्बांना सर्व्हर कळला नाही, बाकीचं कळलं.

"तेरे हात की चूक है?"

"हाँ अब्बा."

"तो लिख दे," ते म्हणाले आणि भाजीचं भांडं तिच्याकडं सरकवलं.

सकाळी तिनं पाच ओळी लिहिल्या. शेवटच्या तीन अशा होत्या: डबा बदलण्याबाबत आदल्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला होता. परवानगी मी चौकशी न करता दिली. चूक माझी आहे.

सत्यम सरांनी तिला काढलं नाही. पण लातूर तिच्याकडून काढून घेतलं. सोमवारी तिनं यादी उघडली तर सत्तावीसच नावं होती. लातूर जिथं होतं तिथं आता खालचं लोहा सरकून आलं होतं. ती यादी तशीच उघडी ठेवून उठली. मग केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "एकदा तिथं जाऊन येते सर. काम नीट करून देते, मग ज्याला द्यायचं त्याला द्या."

गुरुवारी ती बसनं लातूरला गेली. अहमदपूरपर्यंत पाय सारखे हलत होते. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "पोरी, काही दुखतंय का?"

रामलिंगमामा दारात उभे होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. तिनं नुसतं "मामा" म्हटलं आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं. मग मामांनी आत नेऊन तिला सर्व्हर दाखवला, स्वतःच्या घरातलं माणूस दाखवावं तसा. तिनं नंबर नीट लावले. काउंटरच्या एका कॉम्प्युटरवरून आत यायची दुसरी वाट करून ठेवली. भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत एक कागद चिकटवला, काही बदलण्याआधी कुणाला विचारायचं आणि बंद पडलं तर काय करायचं.

बाहेर आली तेव्हा रक्तदानाच्या खाटेवर एक तिशीचा माणूस झोपला होता. मुठीत रबरी चेंडू, बाहीवर शेतातल्या चिकाचे डाग.

"ह्ये श्रीमंत," मामा हळूच म्हणाले. "त्या बाईचा मालक. दिलेल्या पिशव्याच्या बदल्यात द्यायला आलाय."

सालेहाला बाहेर पडता आलं असतं. ती खाटेपाशी गेली.

"वर्षाराणी कशा आहेत?"

"हाय बरी." तो छताकडं बघत म्हणाला. "बोलत न्हाई. दारात बसून राहती."

"मी नांदेडहून आलेय. त्या दिवशी यादी उघडायला उशीर झाला. बेचाळीस मिनिटं. तो माझ्यामुळं झाला."

श्रीमंतनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मूठ उघडत, मिटत राहिली.

"मीबी लई वेळ घालवलो," तो शेवटी म्हणाला. "सकाळी ती म्हणली, लेकरू हलंना. मी म्हणलो, थांब जरा, मोटर चालू करून येतो. लाइट आलती. तास गेला. घरी कुणाला सांगितलो न्हाई."

राजशेखरनं येऊन सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि पिशवी घेऊन घाईनं आत गेला. बोळा घसरायला लागला. सालेहानं वाकून तो धरला, दुसऱ्या हातानं स्टूल ओढलं आणि बसली. त्याच्या कोपराच्या खळगीवर तिचा अंगठा होता. खाली नाडी लागत होती.

आत मामा कुणाला तरी मोठ्यानं गट सांगत होते. रस्त्यावर जीपवाला औशाची हाक देत होता.

"थांबलंय आता, ताई," श्रीमंत म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि तशीच धरून बसली.