आत्तींच्या खिडकीचा पडदा

"दोन इंच आखडलं की गं कापड," शालनआत्ती पलंगावरूनच म्हणाल्या.

त्रिशलाला ते दिसत होतंच. औषध सांडलं म्हणून पडदा धुतला आणि आता तो खिडकीला लावून धरला, तर खालच्या फटीतून ऊन थेट आत्तींच्या, म्हणजे तिच्या सासूच्या, तोंडावर. कापड आधी भिजवून मग बेतायचं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्नाआधी चिकोडीत शिवणाचा वर्ग केला होता. घाईत राहून गेलं. बावीस वर्षं घरातल्या शिलाई मशीनवर साड्यांचे फॉल, उसवलेल्या शिवणी आणि उशांचे अभ्रे एवढंच झालं होतं. स्वतःच्या मनानं काढलेलं हे पहिलंच काम.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्ती पश्चिमेच्या खोलीत पडून होत्या. दुपारी दोननंतर ऊन अंगावर यायचं. "जुनी साडी बांध की," असं वीरेंद्र, तिचा नवरा, म्हणाला होता. पण आत्तींना साडी नको होती. जैन रीतीप्रमाणं दिवस मावळला की दोघी सासू-सुना जेवत नसत; आत्ती तर पाणीसुद्धा घेत नसत, आणि संध्याकाळी सूर्य डोळ्यांनी बघूनच घास उचलत. साडी बाजूला करायला दर वेळी हाक मारावी लागायची.

"पाणी मागू, भांडं मागू, आता सूर्यबी मागू व्हय?" असं त्या एकदा म्हणाल्या, आणि त्रिशलानं घडीचा पडदा मनावर घेतला. दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारा. दोरी आत्तींच्या हाताशी.

तिनं खालची शिवण उसवली, दोन इंचांची पट्टी जोडली. सुई मोडली. दुसरीही मोडली. मागच्या बाजूला दोरीच्या कड्या पुन्हा टाचताना अंगठ्यातून रक्त आलं, ते कापडाला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात धरलं. दुकानातून जेवायला आलेल्या वीरेंद्रनं ताट स्वतःच वाढून घेतलं.

"आठ दिस झालं, ह्येच चाललंय. तयार मिळत्यात की."

"मग आणला का न्हाई?"

तो जेवून गेला. ती जेवायची राहिली.

पाचला पडदा चढला. आत्तींनी दोरी ओढली, पडदा वर गेला. सैल सोडली, खाली आला. तीनदा करून बघितलं. "जमलं गं. जा, स्वैपाकाला लाग."

साडेपाचला आत्तींना मधुमेहाची गोळी देऊन त्रिशला चुलीकडे गेली. सहा वाजून गेल्यावर ताट घेऊन आली, तर खोलीत अंधार. आत्तींच्या मुठीत दोरी, कपाळावर घाम.

"अडकलंय. कवाधरनं वडतीया."

"हाक मारायची न्हाई व्हय आत्ती?"

आत्तींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"जेवा आधी. गोळी घेतलीया, उपाशी ऱ्हायलं तर साखर उतरंल. दिवस हाय अजून."

"मला दिसला न्हाई."

"मोबाइल बघा, सव्वासहाच झाल्यात!"

"मोबाइल बघून कधी जेवले न्हाई मी."

त्रिशला स्टुलावर चढली. दोरीची गाठ कडीत घट्ट बसली होती. नखांनी निघेना, दातांनी निघेना. एक बाजू ओढली तर पडदा तिरपा होऊन आणखीच आवळला. खाली आत्तींचे हात थरथरायला लागलेले. "अशीच उपाशी ऱ्हावा मग!" ती ओरडली, आणि दोन्ही हातांनी पडदा धरून लाकडी पट्टीसकट खेचला. खिळे गिलाव्यासकट बाहेर आले. कापड टर्रकन फाटलं.

समोरच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावर सूर्य दोन बोटं शिल्लक होता.

आत्तींनी हात जोडले आणि जेवायला लागल्या. घाई केली नाही. भाकरी मोडायच्या, भाजीला लावायच्या, खिडकीकडे बघायच्या. त्रिशला फाटका पडदा मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. अंगावर चुना पडला होता, तो तिनं झटकला नाही.

पत्र्यामागं सूर्य गेला तेव्हा आत्तींच्या हातात घास होता. त्यांनी तो ताटात परत ठेवला. जवळजवळ अर्धी भाकरी उरली होती.

"येवढा घास तरी घ्या."

"न्हाई." त्यांनी बोटं पुसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि तू गं? दुपारधरनं?"

बाहेर वखारीच्या पत्र्यावरचा तांबूसपणाही गेला होता. त्रिशलानं ताट उचललं आणि त्यावर झाकण ठेवलं.