पिवळा पडलेला हिरा

माझे यजमान वशरामभाई सुरतेच्या हिरेबाजारात रंग पारखतात. पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरा पालथा ठेवायचा, उत्तरेच्या खिडकीशी धरायचा आणि पिवळेपणाची झाक हेरायची, एवढंच काम. त्यावर आमचं घर उभं आहे.

त्या सकाळी आमच्या मुलीच्या, जिगीषाच्या होणाऱ्या सासूबाई, रंभाबेन, घरी आल्या होत्या. सूनबाईच्या अंगठीचा हिरा व्याह्यांनीच निवडून द्यावा, पण आपल्या डोळ्यांदेखत, असा त्यांचा आग्रह. गाठिया, तळलेली मिरची झाली आणि त्या थेट खिडकीशी जाऊन बसल्या. नेसल्या होत्या हळदीसारखी पिवळीजर्द साडी. खोलीत दुसरा सूर्य उगवल्यासारखं झालं.

यांनी पहिला हिरा धरला. पिवळा. दुसरा, पिवळा. तिसरा तर आंबरसच.

"बाजारातला उरलासुरला माल आमच्यासाठी ठेवलाय वाटतं?" रंभाबेन म्हणाल्या. "जी माणसं हिऱ्यात फसवतात, त्यांची मुलगी कशी घ्यायची?"

स्वयंपाकघराच्या दारात जिगीषाचा चेहरा पांढराफटक पडला. रंभाबेनचा मुलगा मौलिक तिला मनापासून आवडला होता.

यांनी मला बाजूला घेतलं. "अगं, साडीचा रंग हिऱ्यात उतरतोय!"

"मग सांगा ना त्यांना, जरा लांब बसा म्हणून."

"विहीणबाईंना 'लांब बसा'? तू सांग."

"मी कशी सांगू? मी तर मुलीची आई!"

शेवटी हेच धीर करून म्हणाले, "रंभाबेन, रंग नीट दिसावा म्हणून... अंगावर जरा पांढरं काही घेता का?"

रंभाबेन ताडकन उठल्या. "पांढरं? माझे धनी अजून धडधाकट आहेत, वशरामभाई! दोन वेळा जेवतात, वर भांडतातही!"

झालं. यांनी जीभ चावली, मी कपाळाला हात लावला. त्या चपला शोधू लागल्या.

तेवढ्यात जिगीषा गादीवरची पांढरी चादर ओढून घेऊन आली. "आई, ते टोक धर." आम्ही दोघींनी रंभाबेन आणि खिडकी यांच्यामध्ये चादर आडवी धरली. इकडे साडी, तिकडे हिरा. "आता वरून डोकावून बघा."

"हा काय अंतरपाट आहे का गं?"

"बघा तर."

टाचा उंचावून रंभाबेननी चादरीवरून डोकावून पाहिलं. यांनी तोच तिसरा हिरा, तोच कागद पुढे केला. आंबरसाचं पाणी झालं होतं. स्वच्छ, गार पाणी.

"चादर खाली घ्या," त्या म्हणाल्या. घेतली. आंबरस. "वर करा." पाणी. असं चारपाच वेळा करायला लावलं. माझे खांदे भरून आले, आणि त्या मात्र लहान मुलासारख्या हसत होत्या.

"हाच घ्या," म्हणाल्या. मग पदराकडे बघत राहिल्या. "पण साखरपुड्याला मी हीच साडी नेसणार होते. म्हणजे सुनेपासून लांब उभं राहायचं की काय मी?"

"छे, मम्मी!" जिगीषा म्हणाली. "अगदी चिकटून उभ्या राहा. पिवळा तर पिवळा."

रंभाबेननी तिच्या हातातलं चादरीचं टोक काढून घेतलं आणि माझ्याबरोबर घडी घालायला लागल्या.