नादानंद महाराजांची बोलकी पेटी

ठाण्याच्या कोळीवाड्याशेजारी नादानंद महाराजांनी बिऱ्हाड केलं आणि दर गुरुवारी तिथे मुंगीला शिरायला वाव राहिला नाही. महाराजांच्या रेडिओवर म्हणे मेलेली माणसं बोलत. १९५१ सालची गोष्ट. जिवंत माणसांची गाणी ऐकायला पोस्टातून रेडिओचं लायसन काढावं लागे. स्वर्गातलं ऐकायला मात्र ताटभर शिधा पुरायचा. पेटीला हार-कुंकू चढे. बायका तिच्यापुढे पदर सावरून बसत. न जाणो, आतल्याला दिसत असेल!

महाराज बटण फिरवून डोळे मिटत. सेट तापायला वेळ लागतो हे घरी रेडिओ असणाऱ्याला ठाऊक, पण तिथे कुणाच्या घरी होता? "आत्मा वाटेत आहे," महाराज सांगत. "एरियलवर उतरतोय."

त्या गुरुवारी आवडाबाई मासळीची पाटी दाराशी ठेवून मागे उभी राहिली. पुढे तिची धाकटी बहीण भागीरथी बसली होती. भागीरथीचा नवरा मोरू चार महिन्यांपूर्वी खाडीत बुडाला, उलटलेली होडी तेवढी सापडली, प्रेत काही हाती लागलं नाही. तेव्हापासून घरात दोन पोरं उपाशी आणि ही इथे पेटीला कान लावून.

पेटी खरखरली. खोल पाण्यातून यावा तसा घोगरा आवाज आला, "भागी, मी मोरू. अष्टमीला उधाण आलं न् माजी होडी उलटली. ती होडी महाराजांच्या पायाशी घाल, म्हंजे मी सुटन."

"घालते रं, घालते!" भागीरथी ओक्साबोक्शी रडू लागली. महाराजांनी तिथल्या तिथे ठरवलं: पुढच्या गुरुवारी होडी नावावर करायच्या कागदावर अंगठा.

आवडाबाईचं डोकं सणकलं. अष्टमीला उधाण? उधाण येतं अवसेला नि पुनवेला. अष्टमीला खाडीला भांग असतो, पाणी कसंबसं चढतं. कोळ्याचं शेंबडं पोरही हे सांगेल. मोरू गेला अष्टमीलाच, पण वावटळीने. बुडाला म्हणजे उधाणच असणार, असं कोरड्या जमिनीवरच्या माणसालाच वाटायचं.

"मेल्यावर मोरू भरती-ओहोटी इसरला काय?" दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी गुप्त्यांच्या ओट्यावर बोंबील साफ करताना ती फणफणली. गुप्तेबाई तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, आवाज आभाळातून येत असेल तर तो एरियलच्या तारेतून येणार. ती तार तोडलीस की बंद पडायला हवा. नाही पडला, तर सेटच्या मागे दुसरी तार बघ. तिथे ग्रामोफोन जोडायची सोय असते. तिथेच माईक जोडला की शेजारच्या खोलीतला माणूसही रेडिओवर बोलतो. चल, पोलिसांत जाऊ."

"नको बाय. लोक बोलतील देवमानसाला छळला. त्यानं माज्या बयनीच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज चोरलाय. मला त्याला चारचौघांत सोलायचाय."

पुढच्या गुरुवारी गुप्तेबाईही गर्दीत येऊन बसल्या. कागद तयार होता, भागीरथीच्या अंगठ्याला शाई लागली होती. पेटी म्हणाली, "भागी, अंगठा दे."

आवडाबाई उठली, पाटीतला मासळीचा कोयता काढला आणि एका घावात तिने एरियलची तार तोडली.

"महापाप!" महाराज किंचाळले. "आत्म्याची वाट तुटली! आता तो बोलणार नाही!"

"भागी, अंगठा दे," पेटी म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघू लागले. आवडाबाईने सतरंजी उचलली. खालून एक तार आतल्या खोलीच्या पडद्याकडे गेली होती. सेटकडची बाजू तिने पायाखाली दाबली आणि पुढची तार दोन्ही हातांनी ओढायला घेतली, जाळं ओढतात तशी.

"अरे, कोण ओढतंय? सोड! सोड म्हणतो ना!" पेटी ओरडली. मग कर्कश केकाटली आणि पडदा फाडून महाराजांचा शिष्य दौलत तोंडावर आपटला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या. त्यात तोंड घालून हा मोरू बोलत होता!

महाराज मागच्या दाराकडे सरकले. आवडाबाई कोयता घेऊन आडवी आली. "बस. घे तो माईक. ज्याच्या ज्याच्या घरचा मेलेला बोलवलास, त्याचं नाव घे न् बोल, मी खोटारडा हाय."

महाराजांनी नावं घेतली. सतरा घरं निघाली. एक नाव चुकलं की आवडाबाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. तिला घाई नव्हती. गुप्तेबाईंनी मग तार, माईक, तांब्या एकेक उचलून लोकांच्या हातात दिलं. "भक्ती कुणावरही करा," त्या म्हणाल्या, "पण पडद्यामागे बघायला भिऊ नका."

भागीरथी मात्र बहिणीवरच तुटून पडली. "काय मिळाला तुला? त्याचे दोन शब्द तरी कानावर येत होते माज्या!"

"त्याचे नव्हते गं," आवडाबाई म्हणाली.  "तो अष्टमीला उधाण बोलला असता काय?"

 भागीरथीने शाई लागलेला अंगठा लुगड्याला पुसला, उठून महाराजांच्या हातून माईक हिसकावला. पेटीतून तिचा आवाज आला, स्वच्छ, मोठा.

"मोरू मेलाय. होडी माजी हाय. न् कुनाचा मेलेला बोलायला लागला, तर आदी तार कुठं जाते ती बगा."