चिमूटभर धने-जिरे

कोकिळाबाईंनी धने-जिरे निवडले, मंद आचेवर भाजले आणि दगडी खलबत्त्यात स्वतः कुटले. आठ महिन्यांचा नातू कुंदन आईबरोबर भडगावला दोनच दिवस राहणार होता. मग धुळ्याला आजोळी आणि तिथून पुण्याला. मुलाला, ललितला, तर रजाच मिळाली नव्हती. नवऱ्यामागे तीन वर्षं एकटीपुरतीच चूल पेटत होती. बाळाच्या जिभेला मसाल्याची पहिली चव आपल्या हातून लागावी, एवढंच त्यांनी देवाजवळ मागितलं होतं.

"काय वो कोकिळाबाई," शेजारच्या भिकुबाईंनी दारातून विचारलं, "नातूले आतेच शेवभाजी देस का?"

"चिमूटभर धने-जिरेच टाकस, अक्का," त्या लाजून म्हणाल्या.

मुगाची मऊ खिचडी झाली. देवाला नैवेद्य दाखवला आणि पहिला घास कुंदनच्या तोंडात गेला. पोराचं तोंड लालबुंद झालं आणि त्याने असं भोकाड पसरलं की भिकुबाई पुन्हा दारात आल्या.

सून दिपमालाने बोटभर खिचडी चाखली. "आई, तिखट लागतेय."

"मिरचीचं नावसुद्धा नाही गं त्यात!"

"मग खलबत्त्यात?"

आठवड्यापूर्वी त्यात काळा मसाला कुटला होता. दगड पाणी धरतो म्हणून त्यांनी तो नुसता फडक्याने पुसला होता.

"तुम्ही चाखून नाही का बघितली?"

"नैवेद्याआधी कशी चाखू?" लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तसं कधीच केलं नव्हतं.

सुनेने केळं कुस्करून बाळाला दिलं. "राहू द्या आई. धुळ्याला माझी आई देईल सावकाश." ती रागाने बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. दहाची बस होती. कोकिळाबाईंनी नवे धने-जिरे भाजले, धुतलेल्या पोळपाटावर लाटण्याने बारीक केले, खिचडी शिजवली. देव्हाऱ्यात दिवा तेवत होता. त्यांनी तिकडे पाहून हात जोडले आणि अर्धा चमचा खिचडी स्वतःच्या जिभेवर ठेवली. सकाळी आठलाच उपास मोडला.

वळून बघतात तर दारात सून.

दिपमाला आत आली. कुंदनला मांडीवर घेऊन समोर बसली. "तुम्हीच भरवा, आई."

कुंदनने कपाळाला आठ्या घातल्या, जीभ फिरवली, विचार केला आणि पुन्हा आ केला. सात चमचे खाल्ले.

जाताना दिपमालाने उरलेली पूड डबीत मागून घेतली. बस वळणापलीकडे गेली तरी कोकिळाबाई थांब्यावर उभ्याच होत्या.

घरी वाटीत दोन घास उरले होते. उपास तर मोडलाच होता, खाल्ले असते तरी चाललं असतं. त्यांनी वाटीवर ताटली झाकली, देवापुढे बसून माळ हातात घेतली. मणी मोजता मोजता दर वेळी त्या सातावरच थांबत होत्या.