कोपऱ्यातलं अक्षर

नॅशव्हिलच्या स्टुडिओत सकाळी दहाला सुरू झालेलं काम एक वाजता संपायचंच. तिथला शिरस्ताच तो. तीन तासांत चार गाणी, मग वादक आपापली वाद्यं उचलून पुढच्या स्टुडिओत. वर्ला स्टिडमला हे वीस वर्षांपासून ठाऊक होतं, म्हणूनच ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होती. आजची तीन गाणी झाली होती. चौथं राहिलं होतं, ‘पत्रपेटी’.

ते तिने पहिल्यांदा गायलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आधी ते साधं कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या ढंगाचं गाणं होतं, गिटार आणि फिडलवरचं; पत्राची वाट बघत रोज पेटी उघडणाऱ्या बाईचं. मग कंपनीने मागे व्हायोलिनचा ताफा बसवला आणि तेच गाणं शहरांतल्या रेडिओवर वाजू लागलं. “शहरी बूट घालून गायला लागलीस गं तू,” आई म्हणाली होती. गावाकडच्यांनी नाकं मुरडली, पण रेकॉर्ड सगळ्यांनी घेतली. पुढे नव्या मुली आल्या, वर्लाला येणारे फोन कमी झाले, आणि ती केंटकीला परतून चर्चमधल्या मुलांना गाणं शिकवू लागली.

आता, पंचेचाळिसाव्या वर्षी, एका नव्या कंपनीला तिची बारा जुनी गाणी तिच्याकडून पुन्हा गाऊन हवी होती. अट एकच, जुन्या रेकॉर्डसारखी हुबेहूब. अकरा झाली होती. पण ‘पत्रपेटी’वाचून संच निघणार नव्हता, तसं कंपनीने स्पष्ट कळवलं होतं.

“पट्टी जुनीच ना?” निर्माता लाइल फेनरने फोनवर विचारलं होतं.

“जुनीच की,” ती म्हणाली होती.

ते उत्तर महिनाभर तिला टोचत होतं. घरी रियाज करताना ‘अजून’ या शब्दावरचा उंच सूर जवळ आला की ती शेगडीवर काही लागलं तर नाही ना, हे बघायला उठायची. शेगडीवर बहुतेक वेळा काही नसायचंच.

लाइलने जुनी रेकॉर्ड लावली. सव्वीस वर्षांची वर्ला ‘अजून’वर अलगद चढली आणि तिथे थांबून राहिली. काचेपलीकडून लाइल म्हणाला, “वर्लाबाई, बस्स, असंच.”

पहिल्यांदा तिचा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा ती सुराच्या खालीच राहिली. तिसऱ्यांदा सूर लागला, पण कुणीतरी गळा आवळावा तसा. साडेबारा वाजून गेले होते.

लाइल बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही चिंता करू नका. तेवढा एक शब्द ट्वायला गाईल. कुणाला कळायचं नाही.”

ट्वायला मागे साथ गाणाऱ्या मुलींपैकी. तिने संकोचत तो शब्द गाऊन दाखवला. तो इतका हुबेहूब होता की वर्लाच्या अंगावर काटा आला.

“मी शाळेत असताना ही रेकॉर्ड झिजवलीय,” ट्वायला म्हणाली. “तुम्ही रागावलात का?”

“नाही गं. माझ्यापेक्षा बरं गायलीस.”

वर्ला पाण्याचा पेला घेऊन स्टील गिटारपाशी गेली. तिथे ऑर्बी क्रॅबट्री बसला होता. पहिल्या रेकॉर्डवरही त्यानेच वाजवलं होतं. वादकांसाठी गाण्याचा कागद तोच लिहायचा. कागदावर सुरांच्या जागी नुसते आकडे असत, एक, चार, पाच. पट्टी कोणती, ते कोपऱ्यातलं एक अक्षर सांगे. अक्षर बदललं की आकडे तसेच राहून अख्खं गाणं वर किंवा खाली सरके.

वर्लाने कागदाकडे पाहिलं. कोपरा कोरा होता.

“ऑर्बी, अक्षर कुठंय?”

“सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं. कागदावर तू सांगशील ते लिहायचं म्हणून थांबलो.”

“मी? मी तर लाइलला...”

“सकाळपासून चार पेले पाणी प्यालीस. तू बाई कॉफीवर जगणारी. मी काय आज ओळखतो तुला?”

वर्लाला एकदम चर्चमधली, दर बुधवारी शिकायला येणारी मुलं आठवली. एखादं पोर मान ताणून वर चढायला लागलं की तिचं ठरलेलं वाक्य असे, ‘गळ्याला झेपेल तिथून सुरू कर, देव काही बहिरा नाही.’ मुलांना शंभरदा सांगितलं होतं. स्वतःसाठी मात्र तिची जीभ उचलत नव्हती. पट्टी उतरवली आणि कंपनीने गाणं परत पाठवलं तर? यानंतर कोण बोलावणार होतं तिला?

घड्याळात पावणेएक वाजला.

“दोन पट्ट्या खाली,” ती म्हणाली. मग लाइलला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, “लाइल, दोन पट्ट्या खाली घेतेय मी. आणि ट्वायलाचा सूर माझ्या नावावर नको. तिला तिचं नाव आहे.”

“अहो, पण त्यांनी हुबेहूब मागितलंय.”

“ठाऊक आहे मला.”

ऑर्बीने कानामागची पेन्सिल काढली, कोपऱ्यात अक्षर लिहिलं आणि कागद बाकीच्यांना दाखवला. “चला रे, एकदाच. मला जेवायचंय.”

गाणं सुरू झालं. खालच्या पट्टीत ते तिला अनोळखी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरात शिरल्यासारखं. ‘अजून’ जवळ आला तशी ती मायक्रोफोनच्या जवळ सरकली. सूर आला. उंच नव्हता, चमकदारही नव्हता. वीस वर्षं रोज पेटी उघडून पाहणाऱ्या बाईचा होता. तो संपला, तशी ऑर्बीची तार तिच्यामागून हलकेच आली.

शेवटचा सूर विरला तेव्हा एक वाजायला चार मिनिटं होती. काचेपलीकडे लाइलने जुनी रेकॉर्ड उचलली आणि पुन्हा न लावता पाकिटात सरकवली.

“हेच पाठवतो,” तो म्हणाला. “पण ते परत करू शकतात, वर्लाबाई. मी वचन देत नाही.”

“नको देऊस.”

वादक वाद्यं भरू लागले. वर्ला ऑर्बीशेजारच्या खुर्चीवर बसली.

“कॉफी उरलीय का रे?”

“गार झालीय.”

“असू दे.” तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि एक मोठा घोट घेतला.